वाचक विचारतात : निळ्या पाणघोड्याची चकाकी येते कुठून?

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या निळ्या पाणघोड्याचा फोटो छापला होता. प्राचीन इजिप्तचा, फेयान्सचा, अंगावर काळ्या रेघांनी कमळं काढलेली. त्यावर विदर्भातल्या गावांमधून बरीच पत्रं आली. काहींनी पाणघोड्याबद्दल विचारलंय, पण जास्त जणांना हे काम स्वतःच्या हातानं करून बघायचंय, याचा आनंद आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : पाणघोडा मातीचा आहे की काचेचा? मुलांना सांगताना अडखळले. मातीचा म्हणावं तर एवढी काचेसारखी चमक कशी?
— एक शिक्षिका, दर्यापूर तालुका

ताई, दोन्ही नाही. फेयान्समध्ये कुंभाराची माती जवळजवळ नसतेच. गारगोटीची किंवा पांढऱ्या वाळूची बारीक पूड हा त्याचा मुख्य माल. जुन्या वस्तूंच्या पृथक्करणात आतल्या अंगात ९२ ते ९९ टक्के सिलिका, १ ते ५ टक्के चुना आणि ५ टक्क्यांपर्यंत सोडा सापडतो. निळा रंग तांब्याचा. हे सगळं अगदी थोड्या पाण्यात कालवून आकार द्यायचा, वाळवायचं आणि ८०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजायचं. पाणघोडा फुटला तर आत पांढरट, रवाळ, वाळूचं अंग दिसेल. त्यावरचा निळा थर पातळ असतो आणि तो काचेचाच असतो.

आता तो थर वर कसा आला? इजिप्तच्या कारागिरांकडे यासाठी तीन पद्धती होत्या. एकीत काचेचा लेप वरून लावत. दुसरीत वाळलेली वस्तू क्षार, चुना आणि तांब्याच्या पुडीत पुरून भाजत. इराणमधल्या कोम गावात गाढवांच्या गळ्यातले निळे मणी विसाव्या शतकातही असेच होत होते. तिसरी पद्धत सगळ्यात सुंदर, आणि ती तुम्हाला वेगळी शिकवावी लागणार नाही. तुमच्या खारपाणपट्ट्यात घराच्या भिंतीला लोणा लागतो ना, अगदी तसंच होतं. भिंतीत ओल असते, ओलीत क्षार विरघळलेले असतात. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार पांढरे फुलून तिथेच राहतात. फेयान्सच्या ओल्या लगद्यात सोडा मुद्दाम घातलेला असतो. वस्तू वाळताना तो पाण्याबरोबर बाहेर येतो आणि तिच्या अंगावर पांढरी साय धरते. भट्टीत हाच सोडा गारगोटीच्या पुडीशी मिळून वितळतो आणि त्याची काच होते. म्हणजे चकाकी वरून लावलेली नाही, आतून आलेली आहे.

मुलांना हे सांगा आणि पुढची गोष्ट त्यांनाच शोधू द्या : जिथून पाणी उडालं नाही, तिथे चकाकी येणार नाही. संग्रहालयातल्या फेयान्सच्या वस्तूंचे खालून घेतलेले फोटो मिळाले तर नीट बघायला लावा. वस्तू वाळताना ज्या बुडावर टेकली होती, ते बूड पुष्कळदा खरबरीत, कोरं राहिलेलं असतं.

प्रश्न : त्याचे पाय वेगळ्या रंगाचे का वाटतात? आणि पाणघोड्याच्या अंगावर कमळं कशाला?
— दोन वाचक, वर्धा आणि हिंगणघाट

चारपैकी तीन पाय नंतर बसवलेले आहेत. मध्य इजिप्तमधल्या मेईर इथे सेनबी नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात हा पाणघोडा होता. काळ बाराव्या राजवंशाचा, म्हणजे इ.स.पू. सुमारे १९६१ ते १८७८. लांबी २० सेंटिमीटर, उंची ११ च्या आसपास. दोन्ही हातांत मावेल एवढा. १९१७ मध्ये तो संग्रहालयात आला. नाईल नदीतला पाणघोडा माणसाच्या आणि नावेच्या जिवावर उठणारं जनावर. थडग्यातल्या मूर्तीत जीव येतो अशी श्रद्धा होती, म्हणून तिनं मृताला इजा करू नये यासाठी पाय मुद्दाम मोडून ठेवत. कमळं नाईलच्या दलदलीतली. कमळ रात्री मिटतं, सकाळी उमलतं, म्हणून ते पुनर्जन्माचं चिन्ह. निळा रंगही पाण्याचा, जगण्याचा.

फेयान्स म्हणजे मणी आणि छोट्या मूर्ती एवढंच समजू नका. सक्काऱ्याच्या जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या दालनांत सुमारे ३६,००० निळ्या-हिरव्या टाइल्स बसवल्या होत्या. बोरूच्या चटईसारखी दिसणारी भिंत त्यांना करायची होती. प्रत्येक टाइलच्या पाठीला एक उंचवटा आणि त्यात दोरी ओवायला भोक. साडेचार हजार वर्षांपूर्वी एवढा माल एकसारखा काढायचा म्हणजे काम किती शिस्तीचं असेल! आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दुसऱ्या आमेनहोतेपच्या काळातला एक राजदंड आहे, २१५ सेंटिमीटरहून उंच. वाळूचा लगदा स्वतःच्या वजनानं मोडतो, हे ज्यानं हातानं अनुभवलंय त्याला या उंचीचा अर्थ कळेल.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून फेयान्सचे मणी करून घ्यायचे आहेत. सामान तालुक्याच्या गावी मिळेल असं, आणि माप नेमकं सांगा.
— विज्ञान शिक्षक, आर्णी तालुका

अर्धा किलो कोरड्या मालाचं माप देतो. त्यात शंभराच्या वर मणी आणि चार-दोन छोटे ताईत सहज होतात.

गारगोटीची पूड ४२५ ग्रॅम, खायचा सोडा २५, धुण्याचा सोडा २०, चुनखडीची किंवा संगमरवराची बारीक पूड २०, बेंटोनाइट १०. हे झालं ५००. वर निळ्या रंगासाठी कॉपर कार्बोनेट १२ ते १५ ग्रॅम.

गारगोटीची पूड सिरॅमिकचं सामान विकणाऱ्यांकडे क्वार्ट्झ पावडर म्हणून मिळते. २०० मेश किंवा त्याहून बारीक मागा. बेंटोनाइट म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात भरतात ती मातीची पूड, विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. चुनखडीच्या जागी वर्गातला खडू कुटून घालू नका. बरेच खडू जिप्समचे असतात. त्यातलं सल्फेट चकाकीवर मळकट साय धरतं. कळीचा चुनाही नको, हात भाजतील.

गारगोटी शेतातून आणून घरीच दळायची असेल तर खडे चुलीत लाल होईपर्यंत तापवा आणि लांब सांडशीनं पाण्यात टाका. तडकून ठिसूळ होतात. हे काम मोठ्यांनी, डोळ्यांना चष्मा लावून करायचं. नंतर लोखंडी खलात कुटताना पाणी शिंपडत राहा. कोरडी पूड उडाली की ती फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. सिलिकोसिस हा आजार असाच होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून कोरडा माल हाताळताना एन-९५ मास्क हवाच. जागा झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. कुटलेल्या पुडीतून लोहचुंबक फिरवा. खलाचं लोखंड राहिलं तर निळ्याचा हिरवा होतो. मग पूड बादलीभर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. त्या पाण्यात तळाशी बसेल ती पूड कामाची. खाली राहिलेला रवा पुन्हा कुटायचा.

आता कालवणं. धुण्याचा सोडा आधी ९० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून घ्या. खायचा सोडा एवढ्या पाण्यात पूर्ण विरघळत नाही, म्हणून तो बारीक करून कोरड्या मालातच मिसळा. सोड्याचे खडे राहिले तर भट्टीत तिथे खड्डे पडतात. उकळतं पाणी नको. बाकीचा कोरडा माल एकत्र चाळून त्यात हे पाणी थोडं थोडं घाला. लागलं तर आणखी १०-१५ मिलिलिटर, त्यापुढे नाही. लगदा मुठीत दाबला की गोळा होतो, पण वाकवला की चिरतो. त्याचा स्वभावच तसा आहे. माती लांबते तसा हा लांबणार नाही, म्हणून वळ्या करून भांडं उभारायच्या फंदात पडू नका. हातमोजे घालूनच मळा, सोड्यानं कातडी सोलते. उरलेला लगदा प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून ठेवा.

मण्यांसाठी एक ते दीड सेंटिमीटरच्या गोळ्या करा आणि बांबूच्या काडीनं आरपार भोक पाडा. ताईत किंवा छोटी मूर्ती करायची तर साचा वापरा. इजिप्तमध्ये हेच करत. अमार्ना इथल्या उत्खननात भाजक्या मातीचे असे साचे हजारोंनी निघाले आहेत. गावच्या कुंभाराकडून मातीच्या छोट्या चकत्या घ्या, ओल्या असतानाच त्यात मुलांना ठसे कोरू द्या, मग भाजून घ्या. साच्यात गारगोटीची कोरडी पूड भुरभुरून लगदा दाबायचा, ८ ते १० मिलिमीटर जाड. तेल लावायचं नाही. तेल लागलेल्या जागी पाणी उडत नाही, मग तिथे क्षारही येत नाही. काळ्या रेघा हव्या असतील तर मँगनीज डायऑक्साइड थोड्या पातळ लगद्यात कालवून, वस्तू ओलसर असतानाच बारीक कुंचल्यानं काढा. ते प्रयोगशाळेच्या सामानात मिळतं. टॉर्चचा जुना सेल फोडून त्यातली काळी पूड काढू नका, त्यात कोळसा आणि जस्ताचे क्षारही असतात.

वाळवणं हेच या कामाचं मर्म आहे. लोक भट्टीची काळजी करतात, पण वस्तू भट्टीत जाण्याआधीच बरंवाईट ठरून गेलेलं असतं. मणी काड्यांवर ओवून हवेत टांगते ठेवा. ताईत चार खिळ्यांच्या टोकांवर किंवा जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. सावलीत, वारा खेळता हवा, पण झोत नको. दुसऱ्या दिवशी पांढरी साय दिसू लागते आणि तीन-चार दिवसांत पूर्ण धरते. या काळात कुणीही हात लावायचा नाही. बोटानं पुसलं गेलं की त्या बोटाचा कोरा ठसा भाजल्यावर कायमचा दिसतो. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम होतं. मे महिन्याच्या झळीत वरचा भाग काही तासांत वाळतो, क्षार जाड पापुद्र्यानं एका अंगाला येतो आणि भेगा पडतात. पावसाळ्यात उलट. हवेतच ओल असते, पाणी उडत नाही, वस्तू आठवडाभर ओलीच राहते आणि साय धरतच नाही.

भाजायला वीज-भट्टी सर्वांत सोयीची. मात्र सोड्याची वाफ भट्टीच्या तारा खाते, म्हणून मणी झाकणाच्या मातीच्या भांड्यात ठेवूनच आत द्या. मणी नायक्रोम तारेवर ओवा आणि तार दोन विटांच्या तुकड्यांवर आडवी ठेवा. साध्या लोखंडी तारेचा खवला सुटतो आणि चकाकीवर तपकिरी डाग पडतात. मणी एकमेकांना टेकले तर भाजताना चिकटून एक होतात, मध्ये फट ठेवा. २०० अंशांपर्यंत दीड-दोन तासांनी पोचायचं. पुढे ताशी १०० ते १५० अंशांनी ९२० ते ९५० पर्यंत जायचं, तिथे २० मिनिटं थांबायचं आणि भट्टी बंद. ५७३ अंशांला गारगोटीचा स्फटिक एकदम फुगतो आणि उतरताना तिथेच एकदम आकसतो. म्हणून त्या टप्प्याला घाई नको. भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडायची नाही.

प्रश्न : संत्र्याच्या झाडांसाठी बोर्डो मिश्रण करतो, त्यामुळे मोरचूद घरात नेहमी असतं. निळा रंग तांब्याचा म्हणता, मग मोरचूद सरळ घातलं तर?
— संत्रा बागायतदार, वरूड तालुका

सरळ नको. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. भट्टीत त्यातून गंधकाचा त्रासदायक वायू निघतो आणि उरलेलं सल्फेट चकाकीवर फेसाळ थर धरतं. पण त्याच मोरचुदापासून कॉपर कार्बोनेट घरी करता येतं, आणि तुमच्यासारख्या मिश्रण करायचा हात बसलेल्या माणसाला ते सहज जमेल.

१०० ग्रॅम मोरचूद एक लिटर कोमट पाण्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा. लोखंडी भांडं चालणार नाही, तांबं त्याच्यावरच चढून बसेल. दुसऱ्या भांड्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा अर्धा लिटर पाण्यात. सोड्याचं पाणी मोरचुदात हळूहळू ओता. फेस येतो, म्हणून बादली मोठी घ्या. निळसर-हिरवा गाळ तयार होईल. तो खाली बसू द्या, वरचं पाणी ओता, नवं पाणी घाला, असं चार वेळा करा; सल्फेट धुऊन निघायला हवं. शेवटी सुती फडक्यातून गाळा आणि सावलीत वाळवा. ४० ग्रॅमच्या आसपास पूड मिळेल, म्हणजे वरच्या मापाच्या तीन घाण्यांना पुरेल. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या हौदाकडे सोडू नका. तांबं माशांना फार लवकर मारतं.

प्रश्न : इजिप्तचे लोक तळ्यातला क्षार वापरायचे असं वाचलं. आमच्या लोणारच्या सरोवरातला क्षार चालेल का?
— दहावीचा विद्यार्थी, लोणार तालुका

प्रश्न फार चांगला आहे. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचं खोलगट खोरं आहे. तिथल्या तळ्यांचं पाणी आटलं की काठावर नेट्रॉन जमतो : धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि सोबत मीठ व थोडं सल्फेट. ममी सुकवायला हाच वापरत. लोणारच्या पाण्यातही हेच मुख्य क्षार आहेत, सोडियमची कार्बोनेटं आणि मीठ. म्हणून तर ते पाणी इतकं अल्कधर्मी आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की तिथून क्षार काढून विकत. डल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याच्या प्रतींची नावं होती. काच आणि साबणाला लागणारा माल लोणारला मिळतो, असा उल्लेख अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत आहे.

तेव्हा तत्त्वतः चाललं असतं. पण लोणार आज अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ स्थळही आहे. तिथून चमचाभरही क्षार उचलायचा नाही. दुकानातले दोन सोडे एकत्र केले की कामापुरता नेट्रॉन तयार झाला. प्रकल्पात लोणार आणि वादी नत्रूनची तुलना जरूर लिही.

प्रश्न : पऱ्हाटीची राख आणि राइस मिलमधली भुशाची राख फुकट मिळते. सोडा आणि गारगोटीऐवजी या राखा वापरल्या तर?
— वाचक, राळेगाव आणि तुमसर

पऱ्हाटीच्या राखेत क्षार भरपूर आहे, पण तो मुख्यतः पोटॅशचा. पोटॅशचं कार्बोनेट हवेतली ओल ओढून घेतं आणि चिकट होतं. सोड्यासारखी कोरडी साय ते धरत नाही. इजिप्तमध्येही राख वापरत, पण खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची, जिच्यात सोडा जास्त असतो. त्यामुळे आतून क्षार येण्याच्या पद्धतीला पऱ्हाटी निरुपयोगी. वरून लेप द्यायच्या पद्धतीत ती चालू शकते, पण आधी चाळून, धुऊन, लहान तुकड्यावर बघा.

भुशाच्या राखेत सिलिका पुष्कळ असते, हे खरं. पण ती हलकी आणि भोकाभोकाची. पाणी फार पिते, त्यामुळे लगदा वाळताना आकसतो आणि तडकतो. काळी राख असेल तर त्यात कोळसाही आहे. पुन्हा जाळून पांढरी करा आणि गारगोटीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका.

प्रश्न : आमच्याकडे वीज-भट्टी नाही. लाकूड-गोवऱ्यांच्या आव्यात हे मणी भाजतील का?
— कुंभारकाम करणारे भाऊ, भद्रावती तालुका

भाऊ, उघड्या आव्यात भरवसा नाही. अडचणी दोन. एक तर आच कमी पडते. मडकं ७०० अंशांवरही पक्कं होतं, पण या मालाला ९०० च्या पुढे जावं लागतं. दुसरी धुराची. धुरात तांब्याचा प्राणवायू हिरावला जातो आणि निळ्याऐवजी तांबूस, काळपट डाग पडतात. राख उडून चिकटते ती वेगळीच.

तुमची खालून जाळ आणि वर माल अशी उभी भट्टी असेल तर जमेल. मणी झाकणाच्या गाडग्यात ठेवा, झाकणाची सांद मातीनं लिंपा. आत कागद, भुसा, दोरा काहीही राहता कामा नये, त्याचाच धूर आत कोंडतो. गाडगं भट्टीच्या मधल्या थरात, जिथे आच सगळ्यात एकसारखी असते तिथे. शेवटचे दोन तास लहान, वाळलेलं, चिरलेलं लाकूडच टाका. ओलं लाकूड आणि गोवऱ्या बंद. भट्टीच्या भोकातून आत बघताना गडद लाल दिसलं तर आच अजून आठशेच्या आतच आहे. लालीवर नारिंगी झाक आली की नऊशे ओलांडले समजा. तारेच्या आकड्याला दोन मणी अडकवून वेगळ्या उघड्या भांड्यात ठेवा आणि मधून एक बाहेर ओढून बघा. ओला चकचकीत दिसला तर झालं. मॅट दिसला तर आणखी अर्धा तास.

आच साडेआठशेच्या वर जातच नसेल तर दोन्ही सोडे प्रत्येकी ५ ग्रॅमनं वाढवा आणि गारगोटी आणखी बारीक घ्या. त्यापुढे वाढवू नका. सोडा जास्त झाला की काच पाण्यात विरघळणारी होते. मणी चार महिन्यांनी घाम आल्यासारखे चिकट होतात आणि पांढरे पडतात.

प्रश्न : आम्ही करून बघितलं. काही मणी हिरवे, काही एका बाजूनं कोरे, आणि दोन तर हातात चुरा झाले. कुठे चुकलं?
— बचत गटातल्या ताई, सेलू तालुका

हिरवे मणी दोन कारणांनी. माल लोखंडानं मळला असेल, किंवा चुना जास्त झाला असेल. क्षार भरपूर आणि लोखंड नाही, तिथेच तांब्याचा खरा फिरोजी रंग येतो. गडद निळं हवं म्हणून तांबं वाढवत गेलात तर निळं होत नाही, काळं आणि धातूसारखं दिसू लागतं. १५ ग्रॅम ही मर्यादा पाळा. संग्रहालयातल्या पुष्कळ जुन्या मूर्ती आज हिरवट किंवा तपकिरी दिसतात, तो मात्र हजारो वर्षांच्या ओलीचा परिणाम आहे.

एका बाजूनं कोरे म्हणजे वाळताना ती बाजू ताटाला टेकली होती. तुम्ही ते पत्रातच लिहिलंय, "परातीत पसरून वाळवले" म्हणून. काड्यांवर टांगा, तक्रार मिटेल.

चुरा होणाऱ्या मण्यांना आच कमी लागली किंवा पूड जाड राहिली. बोटांत चोळून रवा लागत असेल तर ती पूड या कामाची नाही. असे मणी फेकू नका, पुन्हा भाजले तर बरेचसे सुधारतात, कारण क्षार अजून त्यांच्या अंगावरच असतो. पण ते पाण्यानं धुतले असतील तर क्षारही गेला, मग इलाज नाही.

प्रश्न : फेयान्सची वाटी करून तिच्यात चहा-ताक घेता येईल का?
— वाचक, पुसद

नाही. आंबट पदार्थ या काचेतून तांबं ओढून घेतात. दागिने, टाइल, मूर्ती करा. खाण्यापिण्याची भांडी नकोत.

प्रश्न : नांगरटीनंतर शेतात निळसर मणी सापडला. फेयान्सचा असू शकेल का? विकत मागणारेही येतात.
— शेतकरी, नागपूर ग्रामीण

बघायचं कसं ते सांगतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मण्याच्या भोकाची कड किंवा एखादा टवका बघा. आत पांढरट, वाळूचं अंग आणि वर पातळ रंगीत थर दिसला तर फेयान्सची शक्यता आहे. आतून-बाहेरून एकच रंग, आणि आत बारीक बुडबुडे असतील तर काच. बुडबुडे नाहीत, हाताला जड आणि गार लागतो, तर दगड. नागपूरजवळचं माहुरझरी हे दगडी मण्यांच्या प्राचीन कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. अकीक, कार्नेलियन, स्फटिक असे मणी तिथे घडत. आपल्या उपखंडात फेयान्सही जुना आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडोला त्याच्या बांगड्या, मणी आणि छोट्या मुद्रा सापडल्या आहेत.

मणी साबणानं, लिंबानं किंवा तेलानं पुसू नका. माती तशीच राहू द्या, तीही पुरावा असते. कोरड्या डबीत मऊ कागदावर ठेवा. शेताचा गट क्रमांक, सापडल्याची जागा आणि किती खोल होता ते लिहून सोबत ठेवा, फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. तिथेच आणखी मणी किंवा खापरं दिसली तर उकरू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि दहा रुपयांची मर्यादा जुनीच असल्यानं जवळपास प्रत्येक वस्तू त्यात येते. अर्ज तहसील कार्यालयात दिला तर त्याची पोच घ्या. विकत मागणाऱ्याला मणी दाखवूसुद्धा नका. जागेपासून तुटलेला मणी नुसता मणी उरतो, त्याच्यावरून त्या शेताचा काळ कुणालाही सांगता येत नाही.